वाजू दे, उचलू नको

शुक्रवार, १० फेब्रुवारी १९९५
गावठाणातून

प्रिय अँब्रोज,

तुला, तुझ्या खोलीतल्या त्या केरळच्या दोघांना आणि फोटोत दिसली त्या नव्या मिशीला आमच्या सगळ्यांचा नमस्कार. इकडे तुझे बाबा, तुझी आई, तुझी बहीण बर्नाडेट, तुमची म्हैस, सगळी बरी आहेत. हे आधी लिहितोय, कारण तुझं पत्र काल आलं आणि ते वाचल्यावर वाटलं की तुला पहिल्यांदा हेच कळायला हवं. कोणी आजारी नाही. कोणी गेलेलं नाही. फोन बिघडलेला नाही, आणि बिल भरलेलं आहे.

पत्रात तू मला नुसतं 'व्हॅलेरियन' म्हटलंयस. 'वॅली' नाही, 'साल्या' नाही. पूर्ण नावाने तू मला एकदाच हाक मारलेलीस, तुझी सायकल मी विहिरीत पाडलेली तेव्हा. म्हणजे प्रकरण तेवढं मोठं आहे हे समजलं. 'मस्कतहून शुक्रवारची सुट्टी घालवून, बूथच्या रांगेत उभं राहून फोन करतो आणि तुमच्या घरात एवढी माणसं असून एकाला रिसीव्हर उचलता येत नाही', असं तू लिहिलंयस. बरोबर आहे. एवढी माणसं होती. तुला वाटतंय त्याहून जास्त होती. सगळी फोनच्या भोवती बसलेली आणि तुझी रिंग ऐकत होती.

थांब, फाडू नकोस. पुढचं वाच.

तू गेलास तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. माझ्या बाबांनी अर्ज केला तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो. नंबर लागला तोवर बाबा नव्हते. फोन बाबांच्याच नावावर आला. लाइनमन येऊन विचारतो, 'मालक कुठे आहेत?' मी म्हटलं, 'सिमेट्रीत. तार तिथपर्यंत नेतोस का?' मग मीच त्याला चहा पाजला. माझं असंच होतं, तुला माहीत आहे.

तर ओटीवर फोन आला, आणि गावठाणात तो एकच. पहिले काही दिवस लोक नुसते बघून जायचे. गोमाजीदाजी रोज यायचे, उपरण्याने रिसीव्हर पुसायचे आणि जायचे. मी कॉलेज सोडून घरी बसलेला. आई म्हणायची, हा फोन तरी दिवसातून एकदा वाजतो, तू काय करतोस?

एकदा आम्ही भेंडी घेऊन कल्याणला गेलो. तिथे नाशिककडच्या ट्रकांची रांग लागलेली आणि आमची भेंडी कोणी हातात घेईना. ठाण्याला नेली असती तर उठली असती. परत येताना बर्नाडेट टेम्पोत मागे रिकाम्या पाट्यांवर बसलेली. माजिवड्याच्या नाक्यावर ती म्हणाली, 'इथूनच तर दोन रस्ते फुटतात. इथे यायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर?' मी म्हटलं, कोण सांगणार? ती म्हणाली, 'फोन काय फक्त पुसायला घेतलाय?'

तर हे सगळं तिच्या डोक्यातून निघालं. गोमाजीदाजींचा भाचा राघो कल्याणच्या बाजारात वजनकाट्यावर असतो. दुपारी चारपर्यंत त्याला कळलेलं असतं की उद्या पहाटे कुठून किती माल येतोय. दलालाच्या पेढीवर फोन आहे, पण कल्याणहून आपल्याकडे एसटीडी लागतो आणि दलाल राघोला कशाला करू देईल? तर बर्नाडेट म्हणाली, बोलायचंच नाही. नुसती रिंग द्यायची. एक रिंग देऊन कट केलं तर उद्या कल्याण. दोन दिल्या तर ठाणे. आणि कट न करता वाजतच राहिला तर आज तोडूच नका, बाजार पडलाय. इकडे कोणी उचललं नाही तर तिकडे एक पैसा लागत नाही. दलालाला वाटतं, राघोची लाइन लागत नाही बिचाऱ्याची.

यात अवघड गोष्ट एकच होती, न उचलणं. तुला हसू येईल, पण आपल्या लोकांना वाजणारा फोन बघवत नाही. आवडाबाईने, म्हणजे गोमाजीदाजींच्या बायकोने, पहिल्याच दिवशी झेप घालून उचलला आणि राघोला विचारलं, 'जेवलास का रं?' दलालाच्या बिलात तो कॉल लागला आणि राघोला बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी परत उचलला. म्हणाली, 'दारात कोनी हाक मारतंय आन आपण गप बसायचं? ही काय रीत झाली?' शेवटी मी फोनवर भेंडीची रिकामी पाटी उपडी घालायला लागलो आणि तिला पुठ्ठा बांधून त्यावर लिहिलं: वाजू दे, उचलू नको. आवडाबाईला वाचता येत नाही, म्हणून ती आली की बर्नाडेट पाटीवर हात ठेवून बसते.

पण जमलं, अँब्रोज. दोन महिने जमलं. चारच्या सुमाराला सगळे ओटीवर जमतात. तुझे बाबा डोळे मिटून ऐकतात. एक वाजून थांबला की दाजी नुसते म्हणतात, 'कल्यान.' आणि सगळे शेताकडे. कोणी कोणाला काही सांगत नाही. उन्हं उतरली की तोडणी, पहाटे टेम्पो. माजिवड्याच्या नाक्यावर आता आम्ही थांबत नाही, आधीच ठरलेलं असतं.

आता तुझा शुक्रवार.

चार वाजायला आलेले. फोन वाजला. एक, दोन, तीन, आणि वाजतच राहिला. दाजी म्हणाले, 'गेला बाजार.' बंद झाला. लोक उठायला लागले तर परत वाजला, पहिल्यापेक्षा लांब. तुझे बाबा म्हणाले, 'राघो दोनदा सांगतोय, म्हंजे लईच पडला.' तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र सगळे घाबरले. दाजी म्हणाले, 'कल्यानात आग लागली की काय?' मी म्हटलं, उचलून विचारू का? तर सगळे माझ्यावर ओरडले. तुझी आई सगळ्यात जोरात ओरडली. 'नाय म्हंजे नाय. पोराची नोकरी जाईल.' राघोची म्हणायचं होतं तिला.

आणि तो तू होतास. तुझी सख्खी आई तुझ्या फोनला हात लावू देत नव्हती.

त्या दिवशी कोणी भेंडी तोडली नाही. गावभर एक शेंग हलली नाही. दुसऱ्या दिवशी राघो एसटीने ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरून सरळ आमच्या ओटीवर आला, आणि चप्पल काढायच्या आधी तोंड सुटलं. कल्याणला माल नव्हता, गिऱ्हाईक भेंडी विचारत फिरत होतं, आणि तो एक रिंग द्यायला फोन लावत होता तर लाइन एंगेज. 'कोनाशी गप्पा मारत व्हतात?' आम्ही म्हटलं, कोणाशी नाही, फोनला पाटी होती. त्याला ते खरं वाटेना.

मी टेलिफोनवाल्यांकडे जाऊन भांडलो. लाइनमन म्हणाला, 'लाइन चांगली आहे. तुम्हाला कोणीतरी सारखा फोन करत होतं, तुम्ही उचलला नाही.' मी म्हटलं, आम्हाला कोण करणार? आणखीही थोडं म्हटलं. त्या लाइनमनची माफी मागायची राहिली आहे.

काल तुझं पत्र आलं. अर्ध्यात मला हसू फुटलं. मग 'बूथच्या बाहेरचे लोक माझ्याकडे बघून हसत होते' हे वाक्य आलं आणि माझं हसू गेलं. चारच्या बैठकीत मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आवडाबाईने डोळ्याला पदर लावला. 'पोर तिकडून हाका मारत व्हतं,' ती म्हणाली, 'आन आमी भेंडी धरून बसलो. मी कवाची सांगतंय, उचला.'

तर माफ कर. सगळ्यांच्या वतीने. यापुढे तू शुक्रवारी रात्री आठला करत जा, जेवणाच्या वेळी. तेव्हा पहिल्या रिंगला उचलू, आवडाबाईला मुद्दाम बोलावून तिच्याकडूनच उचलून घेऊ. तू पाठवलेले पांढरे मोजे पोचले. तुझे बाबा पायात घालत नाहीत, ते आणि बर्नाडेट हातात घालून भेंडी तोडतात. खाज येत नाही. अजून पाठव.

पत्राच्या दुसऱ्या पानावर जे लिहिलंयस ते वाचलं. त्याबद्दल सवडीने.

बाकी विशेष काही नाही.


सोमवार, १३ फेब्रुवारी
तेच पत्र, पुढे

अँब्रोज, वरचं पत्र शनिवारी पोस्टात पडायला हवं होतं. ते घेऊन निघालो तर वाटेत बर्नाडेट भेटली. म्हणाली, 'दादाला लिहिलंस? बघू.' तिने तिथेच चिंचेखाली उभं राहून वाचलं. मोजक्या जागी हसली. मग घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, 'छान आहे. भेंडीच भेंडी. भेंडीशी लग्न करणार आहेस का?'

आणि निघून गेली. त्यामुळे ते पत्र दोन दिवस माझ्या खिशात आहे. आता त्याला घामाचा वास येतोय, समजून घे.

दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस की मालाडजवळच्या ओर्लेमचा एक मुलगा तुझ्या कंपनीत आहे, एसीचं काम करतो, पीत नाही, ईस्टरला सुट्टीवर येतोय आणि बर्नाडेटला बघून जाईल. त्याबद्दल बोलायलाच तू फोन करत होतास. 'वॅली, तू घरातला आहेस, तू बाबांना समजाव.' त्या एका जागी तू मला वॅली म्हटलंयस. सगळ्या पत्रात तेवढ्या एकाच जागी.

मी नाही समजावणार.

आता हे लिहिलंय तर बाकीचंही लिहितो. हे वाचताना उभा असशील तर बस.

बाजार चुकला त्यानंतरच्या सोमवारी सगळ्यांच्या शेतात भेंडी जून होऊन लोंबत होती. अशी शेंग झाडावर राहिली की झाड पुढचं फूल धरत नाही, हे तुला मी सांगायला नको. म्हैससुद्धा तिला तोंड लावत नव्हती. फोन माझ्या ओटीवरचा, म्हणून मी म्हटलं, ही सगळी मी तोडतो. आधी आमची, मग दाजींची, मग तुमची. हाताला काही नव्हतं. तुमच्या बांधावर आलो तोपर्यंत कोपरापर्यंत लाल झालेलो. बर्नाडेट आली, तुझ्या मोज्यांचा एक जोड माझ्या अंगावर फेकला आणि शेजारची ओळ धरली.

ओळ अर्धी झाली. मग ती म्हणाली, 'दादाने मुलगा बघितलाय. आईला आधीच्या पत्रात लिहिलंय.'

मी पाटी उचलून फेकली. भरलेली. शेंगा पार पाटात.

ती म्हणाली, 'फेक. गोळा कोण करणार?'

मी गोळा केल्या. ती बघत उभी राहिली. मग म्हणाली, 'कॉलेज का सोडलंस?'

हे तूही विचारत आलायस, आणि मी तुला कधी हजेरी सांगितली, कधी आईचं आजारपण. खरं असं की टेंभी नाक्यावर नवरात्रात आपण सगळे गेलेलो, तू जायच्या आदल्या वर्षी. माझ्या वर्गातल्या एकाने बर्नाडेटला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काहीतरी बोलला. काय ते लिहीत नाही. मी त्याला बाकासकट खाली पाडला. प्रिन्सिपल म्हणाले, कारण सांग आणि माफी माग. कारण सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. मी पुस्तकं उचलली आणि घरी आलो. त्यात काही वाईट वाटत नाही मला. वाईट एवढंच वाटतं की त्या पोराचा एकही दात पडला नाही आणि माझी बी.कॉम. अर्धी राहिली.

मी हे तिला सांगितलं. वाटलं, ती विरघळेल. ती म्हणाली, 'मी मारायला सांगितलेलं? माझ्या नावाने बाक मोडतोस आणि मलाच दोन वर्षं सांगत नाहीस. मी समजत होते तुला अभ्यास झेपत नव्हता.'

मी म्हटलं, 'तोही झेपत नव्हता.'

मग ती हसली. अँब्रोज, तुझी बहीण हसताना आधी खाली बघते, तुला माहीत आहे ना? तू भाऊ आहेस, तुला नसेल माहीत.

मी विचारलं. कसं विचारलं ते तुला सांगणार नाही, हातात मोजे होते एवढं सांगतो. ती म्हणाली, 'मला कशाला विचारतोस, मी तर ओळ धरूनच आलेय तुझ्या शेजारी. दादाला विचार. आणि ऐक, भांडू नकोस. विचार.'

त्या संध्याकाळी तुझ्या बाबांकडे गेलो. ते गोठ्यात होते. सगळं ऐकून घेतलं, दूध काढायचं थांबवलं नाही. म्हणाले, 'तू वाईट नाय. पन तुझं डोकं म्हंजे, पिना मारायच्या आधी उडनारा स्टोव्ह. आनि घर आज अँब्रोज चालवतोय. त्यानं हो म्हटलं तर माझं हो. मला नको विचारू, त्याला विचार.' मग बादली माझ्या हातात दिली. ती तुझ्या आईकडे नेऊन दिली, तिने माझ्याकडे बघितलं आणि मला न मागता चहा दिला. यातून काय समजायचं ते तू समज, ती तुझी आई आहे.

आता माझ्याबद्दल. ओर्लेमच्या मुलासारखं माझ्याकडे काही नाही. पण त्या फजितीनंतर गावाने ठरवलं की नुसत्या रिंगवर भागायचं नाही, आपला माणूस बाजारात हवा. तो माणूस मी. आता पहाटे टेम्पोबरोबर मी जातो, सगळ्यांचा माल मीच विकतो आणि प्रत्येक पाटीमागे माझा वाटा ठरलाय. दलालाशी अजून एकदाही भांडलो नाही. राघोला विचार, तोच आता मला 'शेठ' म्हणून चिडवतो. पेपरात आलंय की यंदा खिशात घालून फिरायचे फोन येणार आहेत, तारेशिवाय. मी ओटीवर म्हटलं, आले की आपण सगळ्यांत मिळून एक घेऊ, मी बाजारातून सरळ शेतात बोलेन. दाजी म्हणाले, 'शेतात कोन उचलनार? हात भेंडीत.' बर्नाडेट म्हणाली, 'उचलायचं कशाला, रिंग ऐकली की झालं.' अशी आहे ती. मी बाजारात आणि ती रिंगच्या या टोकाला असेल तर आमचं दोघांचं चालेल, अँब्रोज. गावाचंही थोडं चालेल. तिला ओर्लेमला आणि मग मस्कतला नेलंस तर ती तिथे एसीमध्ये बसेल. तिला थंडी सोसत नाही.

हे रागाने लिहिलेलं नाही. बर्नाडेटने सांगितलंय म्हणून प्रत्येक ओळ लिहून परत वाचली. दोन ओळी खोडल्यात त्या ओर्लेमच्या मुलाबद्दल होत्या. तो चांगलाच असेल.

तर मी विचारतो. तुझी बहीण मला देशील का?

उत्तर पत्राने नको. पत्र यायला दहा-बारा दिवस लागतात आणि तेवढ्यात मी कोणाशी तरी भांडेन. मार्चचा पहिला रविवार, आपल्याकडचे दुपारचे चार, तुझी जेवणाची सुट्टी. रविवारी आपल्याकडे तोडा नसतो, तू विसरला नसशील, त्यामुळे राघोचा फोन नसतो. लाइन मोकळी. त्या वेळी वाजला तर तो तूच.

हो असेल तर वाजवून कट कर. एक रिंग गेली, दोन गेल्या, इकडेतिकडे झालं तरी चालेल. थांबला की आम्ही समजलो. तुझा एक पैसा जाणार नाही, आणि ओटीवर काय होईल ते तुला मस्कतपर्यंत ऐकू येईल असं मला वाटतं.

नाही असेल तर कट करू नकोस. वाजू दे. पाटी काढून ठेवलेली असेल. मी म्हटलेलं की मी उचलेन आणि जे असेल ते तुझ्या तोंडून ऐकेन, भांडणार नाही, शप्पथ. पण बर्नाडेट म्हणाली, 'तू नाही उचलायचा. नाही म्हणायचं असेल तर दादाने मला म्हणू दे.'

म्हणजे नाही असेल तर तीच उचलेल. तिला काय सांगायचं त्याची तयारी करून ठेव. मला तर तिला कधी नाही म्हणता आलं नाही.

आम्ही सगळे ओटीवर असू. आवडाबाईसुद्धा. तिला बजावून ठेवलंय, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलंय की हात लावणार नाही.

रविवारी चारपर्यंत तुझा नुसता शेजारी,
वॅली